चोवीस वर्षांची अक्का

दुसरीच्या नावाने डॉक्टरांपुढे स्वतःचं पोट तपासून घेणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला पाहा. आजार अक्काचा, नाव सांगितलं अक्काचं आणि टेबलावर झोपले मी. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, धुळ्याच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, आणि गॅदरिंगच्या नाटकात खोकणाऱ्या म्हातारीचं काम करून स्टीलचा डबा बक्षीस मिळवलेली. त्या डब्यानेच माझं डोकं फिरवलं असावं. डॉक्टरीणबाईंनी माझं पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं, हसल्या, पोट अगदी मऊ आहे म्हणाल्या आणि वायूवर एक गुलाबी औषध लिहून दिलं. ती बाटली मी मोठ्या ऐटीत जळगावच्या मेहरूण भागात आमच्या घरी आणली आणि दिवसातून तीन वेळा अक्काला पाजली. अशी चार महिने पाजत राहिले.

अक्का म्हणजे माझी नणंद. ह्यांच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठी. मूळची पारोळ्याकडची. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी परत आली. पुढच्याच वर्षी आई गेली आणि मागे राहिलेलं तान्हं बाळ अक्काच्या मांडीवर आलं. ते बाळ म्हणजे माझे यजमान. ते दीपनगरला वीजकेंद्रात शिफ्टवर असायचे, तिथेच दोघातिघांत खोली घेऊन राहायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. त्यामुळे माझा संसार खरा झाला तो अक्काबरोबर. तिला पाहिल्यावर पहिल्यांदा दिसायचे तिचे हात. कोपरापर्यंत एक केस नाही, कातडी तांब्याच्या घागरीसारखी तुकतुकीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई हाताला काहीतरी लावत असणार. मी विचारलंसुद्धा, कोणतं क्रीम लावता म्हणून. तिने मला चुलीपुढे नेऊन बसवलं आणि म्हणाली, हे क्रीम.

अक्का लग्नघरी मांडे करायची. खापरावरचे मांडे आपल्याकडे घरोघरी करतात, पण दोनशे पानांचं लग्न असलं की हात लागतात अक्कासारखे. पीठ असं तिंबायचं की ओढलं तर रबरासारखं लांबलं पाहिजे. त्यात पुरणाचा गोळा भरायचा, थोडा लाटायचा आणि मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत, झेलत, या कोपरापासून त्या कोपरापर्यंत पसरवायचा. मग उलट्या घातलेल्या तापल्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. ती टाकायची तेव्हा मांडा हवेत क्षणभर उघडा दिसायचा आणि त्यातून पलीकडचा जाळ दिसायचा. मी पहिल्या महिन्यात प्रयत्न केला. माझा मांडा खापरावर न पडता अक्काच्या डोक्यावर पडला. ती तशीच बसून राहिली, पुरण कानावर ओघळतंय, आणि शांतपणे म्हणाली, "साक्रीवाली, तुन्हा माहेरले डोकावर भाजतस का?" माझं माहेर साक्रीकडचं, म्हणून शेवटपर्यंत मी तिची साक्रीवालीच.

कोणी तिच्या मांड्याची तारीफ केली की तिचं ठरलेलं उत्तर होतं: "हाऊ झाया. पुढला दख." म्हणजे हा झाला, आता पुढचा बघ. यजमानीण साडी घेऊन आली तरी हेच. ह्यांना नोकरी लागली, पेढे आले, तेव्हाही म्हणे हेच म्हणाली होती. मला तेव्हा तो रुक्षपणा वाटायचा. मला तारीफ लोण्यासारखी चाटायला आवडायची. भाजीला फोडणी बरी पडली तरी मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

विधवा बाई लग्नाच्या स्वयंपाकात कशी, असं म्हणणारे तेव्हा होतेच. पण अक्काच्या हाताचे मांडे हवेत म्हणून सगळे त्याकडे डोळेझाक करायचे. तिनेही एक नियम घालून घेतला होता. मांडवात पाऊल टाकायचं नाही. मंगलाष्टकं ऐकू यायला लागली की ती मागच्या अंगणात खापरापाशी उभी राहायची आणि शेवटच्या 'सावधान'ला चिमूटभर पीठ मांडवाच्या दिशेने उडवायची. मी एकदा पाहिलं तर म्हणाली, "मन्ह्या अक्षता पीठन्या शेतस." आणि लगेच पुढचा गोळा हातावर घेतला. ती जागा, ते खापर, एवढंच तिला लग्नाच्या घरात मिळालेलं होतं आणि ते ती प्राणपणाने सांभाळायची.

माझ्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि मूल नव्हतं. हळदीकुंकवाला गेलं की बायका माझ्या पोटाकडे बघून बोलायच्या. एकदा शेजारच्या एका बाईने अक्कालाच गाठून विचारलं, भावजयीला कुठे दाखवलंत की नाही. अक्काने तिला पाटावर बसवलं, ताटात मांडा वाढला, दूध ओतलं आणि तोंड भरल्यावर सांगितलं की आमच्या घरात जेवताना दुसऱ्याच्या पोटाचं बोलत नाहीत. ती बाई गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले. अक्का बाहेरून म्हणाली, मोरी घासूनच बाहेर ये. तिचं समजावणं असं असायचं.

मग त्या वर्षी संक्रांतीनंतर तिचं जेवण कमी झालं. अर्धी भाकरी खाल्ली की ताट सारायची, पोट भरलं म्हणायची. ही बाई एका बैठकीत तीन भाकरी खाणारी. वरचेवर लघवीला उठायची. लुगड्याच्या निऱ्या पोटावर पूर्वीच्या जागी बसेनात, म्हणून गाठ खाली घेतली. हातपाय मात्र बारीक होत चालले होते. मी, बी. ए., तिला म्हणाले, "अक्का, पुरण चाखून चाखून पोट सुटलंय तुमचं." ती हसली. हसताना तिने डाव्या कुशीवर हात धरला होता. तो हात मी पाहिला, पण मला माझ्या विनोदाचंच कौतुक जास्त होतं.

पंधरा दिवसांनी मात्र मी दवाखान्याचं नाव काढलं. अक्का एकदम खालच्या आवाजात बोलली. म्हणाली, "लगनघरना चुल्हाले दुखणाईत बाई नही चालस." माघापासून ज्येष्ठापर्यंत बारा लग्नं तिने घेतली होती. विधवा चालवून घेतली, आता पोटात काहीतरी असलेली विधवा कोण चालवून घेईल? दवाखान्याच्या बाकावर कोणीतरी पाहणार, मेहरूणभर होणार, आणि मग एकेक घरून निरोप येणार की यंदा आम्ही जिलबीच करतोय. तिच्या जिवाला लागलेली भीती ही होती. मी तिला वचन दिलं की तुम्ही येऊ नका, मीच जाऊन सगळं सांगते आणि औषध आणते. तेव्हा अशी पद्धतच होती. घरातला एक माणूस दवाखान्यात जायचा, दुखणं सांगायचा आणि पुडी घेऊन यायचा.

पण गावातल्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेले, त्यांच्या भिंतीवर पाटी होती: पेशंट पाहिल्याशिवाय औषध दिलं जाणार नाही. बाकावर बसून मी ती चार-पाच वेळा वाचली. मागे फिरून अक्काला आणावं, हे सुचायला हवं होतं. मला सुचलं नाटक. कंपाउंडरने नाव विचारलं, मी अक्काचं सांगितलं, कारण औषध तिला होतं. वय विचारलं तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणून माझं सांगितलं. आत गेल्यावर पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, कुशीत जड वाटणं, सगळं मी असं हुबेहूब सांगितलं की मला आणखी एक डबा मिळायला हरकत नव्हती. मग बाईंनी विचारलं, पाळी? अक्काची पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. पण चोविसाव्या वर्षी तसं सांगितलं तर नाटक उघडं पडणार. मी खाली बघून सांगितलं, नियमित आहे.

सगळं त्या एका प्रश्नावर होतं, हे मला नंतर कळलं.

गुलाबी औषधाने अक्काला बरं वाटलं. निदान ती तसं म्हणाली. मी आणलेलं औषध म्हणून तिला बरं वाटायचंच होतं. बाटली संपली की मी दुकानातून दुसरी आणायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, घरोघरी आमरस आणि मांडे झाले, माहेरी आलेल्या पोरींचे झोके झाडांना लागले. अक्का खापरापुढे बसली होती आणि मधूनमधून उठून अंगणाच्या टोकाला जाऊन वाकून उभी राहत होती. मी विचारलं तर म्हणाली धूर लागला.

ज्येष्ठात एका लग्नात तिचा मांडा फाटला. सत्तर-ऐंशी झाले होते. पुढचा गोळा तिने हातावर घेतला, फिरवला आणि तो पसरताना तिच्याच पोटाला लागून मधोमध फाटला. पुरण लुगड्यावर सांडलं. तिथल्या बायका थांबल्या. अक्काचा मांडा फाटलेला कोणी पाहिलाच नव्हता. तिने दुसरा घेतला. तोही फाटला. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मला हाक मारून म्हणाली, "माले घर लई चाल. मंग त्याच बाईकडे. तिले मन्हं बठ्ठं मालूम शे."

मी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. तिसऱ्याचंही सुचवलं. अक्का ऐकेना. ज्या बाईला सगळं माहीत आहे ती सोडून नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून कशाला सांगायचं? दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. कंपाउंडरने जुना केसपेपर काढून आत ठेवला. बाईंनी नाव वाचलं, समोर बसलेल्या अक्काकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खिडकीचे गज मोजत होते. अक्का त्यांना कौतुकाने सांगत होती की तुमच्या गुलाबी औषधाने मध्यंतरी बरं होतं बरं का. बाईंनी पेन उचललं, चोवीसवर एक रेघ मारली आणि शेजारी बावन्न लिहिलं. मग अक्काला टेबलावर झोपवलं आणि पोटावर ठेवलेला त्यांचा हात बराच वेळ उचललाच गेला नाही.

जळगावात सोनोग्राफीचं मशीन तेव्हा नवं होतं. त्याला लघवीची पिशवी गच्च भरलेली लागते, म्हणून मी अक्काला तांब्यामागून तांब्या पाजला. तिला एरवी अर्धा तास धरवत नव्हतं. बाकावर बसून तिने पाय एकमेकांत अडकवले आणि आत गेल्या गेल्या मशीनवाल्या डॉक्टरांना म्हणाली, लवकर आटपा, नाहीतर तुमचं मशीन धुवून निघेल. ते पडद्यावर दाखवत होते: काळं दिसतं ते पाणी, पांढुरकं दिसतं ते घट्ट, आणि या रेघा म्हणजे आतले पडदे, भिंतींसारखे. अक्काने मान वळवून पाहिलं. "खोल्या किती शेतस हो? मी तं जलमभर भाडोत्री ठेवा नही." डॉक्टर हसले आणि लगेच हसायचे थांबले.

आमच्या बाईंनी रिपोर्ट समोर ठेवून दोघींना समजावलं. त्यांची ती सवय मला तेव्हापासून आवडली. पेशंटला बाहेर बसवून नातेवाइकाच्या कानात बोलायच्या नाहीत. म्हणाल्या, अंडाशयाला गाठ होणं ही तशी नेहमीची गोष्ट. तरुण बाईला पातळ सालीची, आत नुसतं पाणी असलेली गाठ झाली तर दोन-तीन महिने वाट बघायची, पुन्हा सोनोग्राफी करायची. बहुतेक ती आपली आपण जिरते. पण अक्काची गाठ मिश्र होती. आत पडदे, जाड साल, मधे मधे घट्ट मांस, आणि पोटात थोडं सुटं पाणी. मिश्र म्हणजे वाईटच असं नाही, कुणाच्या गाठीत जुनं रक्त निघतं, कुणाच्या केस निघतात. मात्र पाळी बंद झाल्यावर अंडाशय सुकून बदामाएवढं व्हायला हवं, तिथे नारळाएवढी मिश्र गाठ असेल तर वाट बघायची नसते. ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. मी शहाणपणाने विचारलं, सुईने पाणी ओढून नाही का घेता येणार. बाई नाही म्हणाल्या. अशी गाठ टोचली आणि ती वाईट असली तर आतलं सगळ्या पोटात पसरेल, ती न फोडता आख्खी काढावी लागते. मला हे नीट कळलं नाही. अक्काला कळलं. म्हणाली, "पुरण फुटनं का खापरभर व्हस." बाई म्हणाल्या, अगदी तसंच.

निघताना बाईंनी मला एकटीला थांबवलं. मला वाटलं आता मारणार. त्या केसपेपरची घडी करत म्हणाल्या, "नाटक चांगलं करतेस." एवढंच. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

ऑपरेशन धुळ्याला झालं. अशा गाठी काढलेले एक सर्जन तिथे होते आणि माझं माहेर पलीकडेच, म्हणून भाकरी-भाजीची सोय होती. एरंडोल, पारोळा करत आम्ही एस.टी.ने गेलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा अक्काने खिडकीतून तिच्या लहानपणीचा रस्ता दाखवला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती वॉर्डातल्या बायकांना पीठ कसं तिंबायचं ते शिकवत होती, हाताशी फक्त उशी असताना. बेंबीच्या वरून खालपर्यंत उभा छेद घेतला. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढला. बाहेर आल्यावर सर्जनांनी ह्यांना सांगितलं की गाठ फुटली नाही, पण पडद्यावर मोहरीएवढे दाणे दिसलेत. हे माझ्याकडे न बघता ऐकत होते, मी त्यांच्याकडे न बघता. त्यांना काही माहीत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी मोहरी होती का, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

तपासणीचा कागद बारा दिवसांनी आला. मग मुंबई, सलाइनमधून द्यायची औषधं, दर तीन आठवड्यांनी एकदा, अशा सहा खेपा. अक्काचे केस गेले. ती म्हणाली, पदर तर असतोच, कोणाला दिसतंय. भुवया गेल्या तेव्हा मात्र आरसा उलटा करून ठेवला. उलट्या व्हायच्या, तोंडाला धातूची चव यायची, आणि मी मऊ भात घेऊन समोर बसायचे. ती एक घास घ्यायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हाऊ झाया. पुढला दे." तो रुक्षपणा नव्हता हे मला तिथे कळलं. कायम पुढच्याच घासाकडे बघून ती आयुष्यभर जगली होती.

एक वर्ष बरं गेलं. केस परत आले, काळे आणि कुरळे. पुढच्या आखाजीला तिने घरी मांडे केले, पंधराच. लग्नाची बोलावणी मात्र बंद झाली होती. तिला वाटलं होतं तसंच झालं. मेहरूणभर झालं, आणि घरोघरी जिलबी झाली. शेजारच्या गल्लीत लग्न होतं तेव्हा ती आमच्या अंगणात उभी राहिली आणि मंगलाष्टकं संपताना तिने चिमूटभर पीठ उडवलं. ते आमच्याच तुळशीवर पडलं. त्यानंतर दिवाळीच्या सुमाराला पोट पुन्हा फुगलं. या वेळी पाणी होतं, सुईने काढलं की चार दिवस बरं, पुन्हा भरायचं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. पौषात ती गेली. ह्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. त्यांची आई त्या दिवशी गेली.

तेराव्यानंतर मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर? मला वाटलं होतं त्या माझी पाठ थोपटतील आणि काही फरक पडला नसता म्हणतील. त्या म्हणाल्या की मला माहीत नाही. ही गाठ सुरुवातीला गुपचूप वाढते, चार महिन्यांपूर्वीही पसरलेली असेल; नसेलही. खोटा धीर द्यायची त्यांची पद्धत नव्हती. मी घरी आले ती ते 'नसेलही' पदरात घेऊन, आणि ते अजून तिथेच आहे.

तेव्हापासून गल्लीतली कोणी बाई पोट फुगतं, दोन घासांत भरतं, असं म्हणाली की मी तिला रिक्षात घालते. एकीच्या मिश्र गाठीत केस आणि दात निघाले, ती आज माझ्याच वयाची आहे आणि माझ्याशी भांडते. गेल्या वर्षी माझ्या नातीला पाण्याची गाठ निघाली. दोन महिन्यांनी पाहिलं तर जिरली होती. आत डॉक्टरांनी तिला पाळीचं विचारलं आणि मीच तारखा सांगायला लागले, तेव्हा नात म्हणाली, आजी, पेशंट मी आहे. तिला काय माहीत, हे वाक्य मला कोणी चाळीस वर्षांपूर्वी ऐकवायला हवं होतं. या नातीची आई, म्हणजे माझी मुलगी, अक्का गेल्यावर दीड वर्षाने झाली. अक्काने तिला पाहिलं नाही.

अक्काचं शेवटचं म्हणून जे माझ्यापाशी आहे, ते ती जाण्याआधी पंधरा दिवसांचं. दुपार होती. उन्हात खाट टाकली होती आणि मी तिचे पाय दाबत होते. मागे मांडा खाताना अक्काचं बोलणं ऐकून गेलेली ती शेजारीणच भेटायला आली होती. अक्का तिला माझं कौतुक सांगत होती. कुणाचंही कौतुक न करणारी बाई सांगत होती की हिने तर माझ्यासाठी अगदी सुरुवातीलाच औषध आणलं होतं, हिने काही कसूर ठेवली नाही, माझंच नशीब खोटं. शेजारीण माझ्याकडे बघून मान डोलावत होती. ती बाई घरी गेली आणि मी अक्काचे पाय सोडले. खाली मातीत बसून तिला सगळं सांगितलं. ती पाटी, माझं वय, पाळीचं खोटं, आणि बाईंनी दाबून पाहिलेलं पोट तिचं नव्हतं, माझं होतं, हे. माझ्यामुळे चार महिने गेले, असं मी दोनदा म्हटलं.

मला वाटलं ती आता तोंड फिरवेल. तिने हात पुढे केला, तो तुकतुकीत, हाडं निघालेला हात, आणि माझ्या पोटावर ठेवला. मग विचारलं, "म्हंजे त्या बाईनी तुन्हं पोट नीट दाबीसन दखं ना? तुन्हा पोटमा काहीच नही ना? मंग माले घोर नही."